घोटभर पाणी, पण जपून

अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की सगळ्यांचे लक्ष त्याच्या हातापायांकडे असते. हात उचलतो का, पाऊल टाकतो का, बोललेले समजते का? गिळण्याचा विचार फार उशिरा सुचतो. चपाती दुधात कुस्करून दिली जाते, खिचडी मऊ शिजवली जाते. पण पाणी काय, ते तर कुणालाही पिता येते, असे धरून पेला तोंडाला लावला जातो. प्रत्यक्षात उलटे आहे. कमजोर झालेल्या घशाला पुष्कळदा सर्वांत अवघड जाते ते साधे पाणीच.

असे का, हे समजायला एका घोटाचा प्रवास पाहावा लागतो. जीभ घोट मागे ढकलते. मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. स्वरयंत्र वर सरकते, स्वरपट्ट्या मिटतात, श्वासनलिकेवर झाकण पडते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. घशातले हे सारे काम साधारण एका सेकंदात उरकते. अर्धांगवायू, कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा घशाचे ऑपरेशन यांमुळे यातले एखादे काम जरी उशिरा झाले, तरी घोळ होतो. पाणी धावते. झाकण पडण्याआधीच ते श्वासनलिकेच्या तोंडाशी पोहोचते. घट्ट पेय सावकाश सरकते आणि घशाला तयारीला वेळ मिळतो.

चुकीच्या वाटेने गेलेले पाणी ठसका बाहेर टाकतो, म्हणून ठसका हा आपला पहारेकरी आहे. पण काही रुग्णांत हा पहारेकरीच झोपलेला असतो. पाणी फुफ्फुसात उतरते आणि ठसका लागतच नाही. म्हणून इतर खुणाही ओळखाव्यात. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घोगरा होणे, छातीत घरघर, पुन्हा पुन्हा ताप, जेवायला नेहमीपेक्षा फार वेळ लागणे, वजन घटणे, पाणी नको म्हणणे. अशा रुग्णाला न्यूमोनिया होण्याचा धोका मोठा असतो.

आपल्या घरातली पेये

चहा पाण्याइतकाच पातळ, वर गरम. त्यात बटर किंवा खारी बुडवली की पातळ आणि मऊ असे दोन्ही एकाच घासात येतात. तोंड मऊ तुकडा चघळत असते तेवढ्यात चहा आधीच मागे वाहून जातो. शीरखुर्म्याचे तेच. दूध पातळ, शेवया लांब, खारीक-बदामाचे तुकडे कडक. फालूदा, भाताचे कण असलेला शोरबा, हेही त्याच जातीचे. निरोगी माणसाला यात काही अवघड नाही. कमजोर घशाला मात्र हे मिश्रण साध्या पाण्यापेक्षाही अवघड जाऊ शकते.

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातला रसवंतीवरचा रस गोड असला तरी पातळच. गुलाबाचे सरबत, ताक, दूध यांनाही घशाच्या दृष्टीने पातळच समजावे. घट्ट लस्सी, नाचणीची आंबील, गाळलेला आंब्याचा रस ही सावकाश उतरणारी पेये. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा घट्ट मिल्कशेकही त्यातच येतो, पण गाळून. फळाचे तुकडे त्यात नकोत.

कुल्फी, आइस्क्रीम आणि जेली फसवतात. चमच्यात घट्ट दिसतात, तोंडात विरघळून पाणी होतात. ज्याला पातळ पेय मना आहे, त्याला हेही मनाच.

आंबट चवीची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेतील संशोधक जेरी लोगमन यांनी 1995 साली मेंदूच्या आजाराने गिळणे बिघडलेल्या रुग्णांना लिंबाच्या रसाने खूप आंबट केलेला घोट दिला, तेव्हा गिळण्याची क्रिया लवकर सुरू झाली. थंड आणि सोड्याच्या पेयांचाही असा परिणाम काही अभ्यासांत दिसला आहे. आंबट, थंड, चुरचुरणारे पेय तोंडाला जागे करते. पण तो प्रयोग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजक्या घोटांचा होता. त्यावरून घरी लिंबूपाण्याचा पेला तोंडाला लावू नये.

घट्ट म्हणजे किती घट्ट?

यासाठी 2013 साली स्थापन झालेल्या ‘इड्सी’ या आंतरराष्ट्रीय गटाने सोपी मापपद्धत दिली आहे. पेयांच्या 0 ते 4 अशा पाच पायऱ्या आहेत. मोजायला 10 मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज लागते. तिच्यावरची 0 ते 10 ही मापाची पट्टी 61.5 मिलिमीटर लांब असावी. दट्ट्या काढा, खालचे तोंड बोटाने बंद करा, 10 मिलिलिटर पेय भरा. बोट काढून 10 सेकंद वाहू द्या, मग पुन्हा बंद करा. उरलेले पेय 1 मिलिलिटरहून कमी असेल तर ते पातळ, पायरी 0. 1 ते 4 उरले तर पायरी 1, 4 ते 8 उरले तर पायरी 2, 8 हून जास्त उरले तर पायरी 3. मुळीच वाहिले नाही तर पायरी 4. ते चमच्यानेच द्यायचे.

नाचणी किंवा कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेले पेय लाळेने पातळ होते. उष्टा चमचा परत वाटीत गेला की वाटीतलेही हळूहळू पातळ होते. म्हणून थोडे थोडे वेगळ्या वाटीत घ्यावे. गार झाल्यावर तेच पेय जास्त घट्ट होते, तेव्हा ज्या गरम-गारपणी द्यायचे त्याच वेळी मोजावे.

मग सगळ्यांनाच सगळे घट्ट द्यावे का? नाही. स्मृतिभ्रंश व कंपवाताच्या 711 रुग्णांवरचा अमेरिकेतील मोठा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. मधासारख्या दाट पेयाने श्वासनलिकेत जाणे त्या क्षणी सर्वांत जास्त थांबले. पण 515 रुग्णांना तीन महिने पाहिल्यावर, हनुवटी खाली घेऊन पातळ पेय पिणाऱ्यांपेक्षा घट्ट पेय घेणाऱ्यांना न्यूमोनिया स्पष्टपणे कमी झाला, असे दिसले नाही. उलट घट्ट पेय घेणाऱ्यांत शरीरातले पाणी कमी होण्याचे प्रमाण जास्त होते. फार दाट पेय घशात चिकटून राहते, आणि चव न आवडल्याने माणूस पिणेच कमी करतो. म्हणून कोणाला कोणती पायरी, हनुवटी खाली घ्यायची की नाही, हे तपासणीनंतरच ठरवावे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडचे कृष्णा रुग्णालय ही मोठी ठिकाणे आपल्या दोन जिल्ह्यांतच आहेत. कान-नाक-घसा विभागात जाऊन ‘गिळण्याची तपासणी करायची आहे’ असे स्पष्ट सांगावे.

एक वेगळी खूणही लक्षात ठेवावी. आधी भाकरी अडकते, मग भात, आणि माणूस चहा-दुधावरच राहू लागतो, तर तो अन्ननलिकेच्या अडथळ्याचा इशारा असू शकतो. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असेल तर एक दिवसही दवडू नये.

पाजणाऱ्यासाठी

प्रेषित मुहम्मद (स.) पाणी पिताना भांडे तोंडापासून दूर करून तीनदा श्वास घेत. कमजोर घशासाठी हीच शिस्त हवी. ताठ बसवा. लहान घोट द्या, गिळला याची खात्री करा, श्वास घेऊ द्या, मगच पुढचा. पिताना बोलायला लावू नका, टीव्ही बंद ठेवा. प्यायल्यावर अर्धा तास आडवे करू नका. दिवसातून दोनदा दात-तोंड साफ करा, कारण घाण तोंडातले जंतूच घोटाबरोबर फुफ्फुसात जातात. गोळी अडकत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुटू नका. काही गोळ्या कुटून चालत नाहीत.

रमजानमध्ये इफ्तारची घाई असते. दिवसभराच्या तहानेने सरबत घटाघट पिण्याचा मोह आजारी माणसालाही होतो. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे. अब्बांना किंवा दादींना ती प्रेमाने समजावून सांगावी.

शेवटची गोष्ट नाजूक आहे. माणूस अखेरच्या घटका मोजत असताना जमजमचे पाणी मुखात घालावे, अशी प्रत्येकाची इच्छा असते. पण शुद्ध नसलेला माणूस गिळू शकत नाही. चमच्याने ओतलेले पाणी त्याला गुदमरवते. स्वच्छ कापूस जमजममध्ये भिजवून, पिळून ओठांवर आणि जिभेवर फिरवावा. ओठ ओले होतात, कोरड जाते, आपली इच्छाही पुरी होते, आणि जाणाऱ्याला त्रास होत नाही.