नव्या पिल्लाच्या खोड्या

महाड-पोलादपूरकडे मृगाचा पाऊस लागला, कीं सावित्रीकांठीं चिखल माजतो आणि घरांत नुकतेंच आणलेलें कुत्र्याचें पिल्लू दिवसभर पडवींत कोंडलें जातें. मग चपला कुरतडणें, धोतरास लोंबकळणें, रात्रीं केंकाटणें असे प्रकार सुरू होतात. मंडळी त्यास खोडकर म्हणतात. परंतु प्रत्येक खोडीस कारण असतें.

पिल्लास 28 दुधाचे दांत असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडूं लागून पुढें 42 दांत येतात. तोंवर हिरड्या शिवशिवतात. म्हणून चपला उचलून ठेवाव्या व जाड चिंधीची घट्ट गांठ चघळावयास द्यावी. तें हाताला चावूं लागल्यास ओरडून पळूं नये. पळणें त्यास खेळच वाटतें. निमूटपणें खेळ थांबवावा. चाव्याचा जोर आवरण्यास पिल्लूं भावंडांशीं खेळतांना शिकतात; यास्तव आठ आठवड्यांपूर्वीं त्यांस आईपासून तोडूं नये. रात्रीचें रडणें एकटेपणाचें असतें. प्रथम कांहीं दिवस त्याचें गोणपाट माणसांच्या अंथरुणाजवळ असावें.

एका गोष्टीची मात्र हेळसांड नको. दांत लागून कातडी फाटली, तर हळद-चुना न लावतां जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. 1885 सालीं लुई पाश्चर यांनीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या मुलास लस टोचून वांचविलें. पण लक्षणें दिसूं लागल्यावर आजही हा रोग जवळजवळ हटकून प्राण घेतो. पिल्लू तीन महिन्यांचें होतांच त्यासही लस टोचून घ्यावी. मग त्याच्या खोड्यांस घरानें खुशाल हंसावें.