चित्रशाळेवरील श्रुतिका

रंगभूमीवर चित्र दाखवितां येतें. नभोवाणीवर तें ऐकवावें लागतें. म्हणून चित्रशाळेवर श्रुतिका लिहिणाऱ्यानें कानाला कळेल असा प्रसंग शोधावा. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ सालीं निघाली. पनवेलची लोकल जेथें थांबते, त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या नक्षीकामांत ह्याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. तेथील छिन्नीच्या ठोक्यांनीं श्रुतिकेचा आरंभ करावा. पुढील प्रसंग मात्र अजिंठ्याचा असावा. जॉन ग्रिफिथ्स ह्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं विद्यार्थी १८७२ पासून तेथील भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. त्यांपैकीं अनेक नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगींत जळाल्या. येथें नुसता आगीचा कडकडाट ऐकवून भागत नाहीं. काय जळालें हें श्रोत्यास आधीं ठाऊक हवें. त्याकरितां लेण्याच्या अंधुक उजेडांत एक विद्यार्थी दुसऱ्यास सांगतो असें दाखवावें, “ओठाजवळची हिरवट छटा सोडूं नकोस.” आगीची वार्ता आल्यावर तेंच वाक्य त्याच आवाजांत, हलकेच, पुन्हां ऐकूं यावें. मग न पाहिलेल्या चित्रासाठींही श्रोता हळहळेल.