जुन्या सागाची गिटार

नागपूरच्या महाल भागात जुने वाडे आहेत. एखादा वाडा उतरवला की सागाचे खांब, तुळया, चौकटी बाहेर निघतात. चांगले नग विकले जातात. तुटके तुकडे जळतण म्हणून चुलीत जातात. पण थांबा! त्या तुकड्यांतून वाद्य बनते. तेही विजेवर वाजणारे.

आपल्या भागातला साग नावाजलेला आहे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होते. म्हणून व्यापारी या सागाला आजही ‘सी. पी. टीक’ म्हणतात. 2023 साली दिल्लीत नवे संसद भवन उघडले. त्यासाठी साग नागपूरहून गेला. तुळईजोगा साग वाढायला साठ-सत्तर वर्षे लागतात. जळायला एक संध्याकाळ पुरते.

गिटार म्हणजे सहा तारांचे वाद्य. सतारीसारखी तिला मान असते, पडदे असतात, खुंट्या असतात. साध्या गिटारीचे धड पोकळ असते. विजेच्या गिटारीचे धड भरीव असते. म्हणून त्याला जाड फळी चालते.

मग लाकूड जुनेच का बरे? सहा तारा मिळून सुमारे 40 किलोचा ताण देतात. मान वाकली की सूर बिघडलाच. ओले लाकूड सुकताना आकसते, पिळवटते. जुन्या तुळईने नागपूरचे कित्येक उन्हाळे आणि पावसाळे सोसलेले असतात. ती सुकून स्थिर झालेली असते. मात्र सगळेच जुने सोने नसते. वाळवी लागलेला किंवा तडकलेला तुकडा मानेला घेऊ नका.

आता कामाला लागू. आधी लाकडावरून लोहचुंबक फिरवा. लपलेला खिळा सापडेल. नाहीतर रंध्याचे पाते तुटेल. मग फळ्या रंधून जोडा. साग तेलकट असतो, त्यावर सरस नीट धरत नाही. म्हणून जोडण्याआधी कडा स्पिरिटने पुसा. धडाची जाडी साडेचार सेंटीमीटर पुरते. मानेच्या आत लोखंडी सळई बसवा. ती तारांचा ताण तोलते.

पडद्यांना हिशेब लागतो. समजा, तार 650 मिलीमीटर लांब आहे. तिला 17.817 ने भागा. उत्तर साडेछत्तीस येते. तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा. तिथे दुसरा. बारावा पडदा बरोबर मध्यावर, 325 वर आला पाहिजे. आला, तर हिशेब चोख!

आवाज कसा निघतो? तारांखाली लोहचुंबक असतात. त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांत थोडीशी वीज उपजते. अँप्लिफायर ती वाढवतो. भोंग्यातून सूर येतो. पितळेची तार इथे चालत नाही, कारण लोहचुंबकाला तिची ओढ नसते. आणि एक सांगतो: अँप्लिफायर स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असू शकते. ते काम जाणत्या मिस्त्रीचे.

हे खरेच जमते का? इंग्लंडमध्ये ब्रायन मे नावाचा मुलगा होता. 1963 साली त्याने वडिलांबरोबर अशी गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीची. धडात जुन्या टेबलाचे लाकूड. स्प्रिंगा मोटारसायकलच्या. लाकडाला किड्यांनी भोके पाडली होती. ती त्याने आगकाड्यांनी बुजवली. पुढे ‘क्वीन’ या मंडळींबरोबर हीच गिटार त्याने जगभर वाजवली. त्या मंडळींचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला!

तेव्हा सागाचा तुकडा हाती आला, तर चुलीत घालण्याआधी त्यावर एकदा रंधा मारून पाहा. काळ्या थराखाली सोनेरी लाकूड दिसेल.