जांघेत गाठ आलीय? बंदीच्या दिवसांतच दाखवून घ्या

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी. केरी, हरमल, मोरजीच्या भावांसाठी हा विषय आत्ताच काढतोय, कारण हंगामात कोणी ऐकणार नाही.

हर्निया म्हणजे आपला अंतर्गळ. जांघेत पोटाची भिंत मुळातच नाजूक असते, तिथून आतडं बाहेर सरकतं. खोकलं की गाठ फुगते, आडवं झालं की आत जाते. रापण ओढणं, इंजिन खांद्यावर घेणं, बर्फाचे क्रेट उचलणं याने ताण येतोच. पण विडीचा जुना खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला कुंथणं, घरात आधी कुणाला असणं, हेही आहे.

जागा अवघड, म्हणून आपले लोक बायकोलाही सांगत नाहीत, पट्टा बांधून होडीवर जातात. पट्ट्याने गाठ दबते, बरी होत नाही. गोळ्यांनीही नाही. ऑपरेशनच लागतं, त्यात डॉक्टर बहुतेक वेळा जाळी बसवतात (जाळ्याशी आपली सुटका नाही!). नंतर साधारण चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. बंदीचे ६१ दिवस आहेत, हिशेब बसतो.

मात्र गाठ आत जाईना, कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, तर बंदीची वाट बघू नका. आतड्याचं रक्त अडलं की काही तासांत जिवावर बेततं. लगेच १०८ लावा. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, नाहीतर बांबोळी गाठा.

क्रेट उचलताना गुडघे वाकवा, श्वास कोंडू नका, दोघांनी धरा. दीनदयाळ कार्डाची मुदतही एकदा बघून ठेवा.