दातांच्या तारांचा दवाखाना आणि आडसालीचा हिशेब

गेल्या महिन्यात कार्यक्षेत्रातील एक सभासद आमच्या कचेरीत आले. पिशवीतून सातबारा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. म्हणाले, "साहेब, थोरलं पोरगं दाताच्या तारांचं डॉक्टर झालंय. तालुक्याला गाळा बघितलाय. रस्त्याकडचा एक एकर काढावा म्हणतो. तुमचं काय मत?"

उसाचा उतारा विचारला असता तर आम्ही तोंडपाठ सांगितला असता. या धंद्यातले आम्हाला काय कळणार! पण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे शेजारीच लोणीला दंत महाविद्यालयही निघाले. आज गावोगावच्या सभासदांची मुले-मुली दाताचे डॉक्टर होत आहेत. बी.डी.एस.ची पाच वर्षे आणि वाकडे दात सरळ करण्याच्या एम.डी.एस.ची तीन, मिळून आठ वर्षांची उसाची बिले त्यात गेलेली असतात. तेव्हा माहिती काढणे आम्हाला भाग वाटले.

आमच्या दुसऱ्या एका सभासदांच्या कन्येचा असा दवाखाना सहा वर्षे चालू आहे. तिथे जाऊन बसलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, दात उपटणाऱ्याचं बरं असतं. पेशंट आला, दात काढला, पैसे दिले, मिटलं. माझा पेशंट एकदा आला की दीड-दोन वर्षं माझाच."

आम्ही म्हटले, ही तर आडसाली झाली. जून-जुलैत लागण करायची आणि तोड सोळा-अठरा महिन्यांनी. फरक एवढाच, की आपण आधी राबतो आणि ऊस गेल्यावर बिलाची वाट बघतो. या धंद्यात पैसा आधी येतो आणि काम मागे राहते. बाईंच्या मते नवे डॉक्टर फसतात ते इथेच.

त्यांनी पाटीवर मांडावा तसा हिशेब मांडला. समजा, एका मुलाची फी 36,000 रुपये ठरली. तारा बसवताना 12,000 घेतले, राहिलेले 1,500 प्रमाणे सोळा महिने. नव्या दवाखान्यात महिन्याला दोनच मुले तार बसवायला आली, तर पहिल्या महिन्यात 24,000 जमा होतात. पुढे दर महिन्याला हप्त्यांचे 3,000 वाढत जातात. समजा, गाळ्याचे भाडे, मदतनीस मुलगी, वीज, साहित्य आणि खुर्ची-यंत्रांच्या कर्जाचा हप्ता मिळून खर्च 60,000 आहे. तर जमाखर्चाची तोंडमिळवणी तेराव्या महिन्यात होते. पहिल्या बारा महिन्यांची खोट होते 2,34,000 रुपये. यंत्रे सोडून एवढी रक्कम हाताशी पाहिजे. आणि सतराव्या महिन्यापासून जमा 72,000 वर येऊन थांबते. उरले 12,000. त्यात डॉक्टरचे पोट चालायचे! सभासदांनी हे आकडे आपल्या गावचे भाडे घालून पुन्हा मांडून बघावेत.

आता खरी मेख पुढे आहे. सोळा महिन्यांत हप्ते संपले, पण दात कुणाच्या वेळापत्रकाने हलत नाहीत. काम वीस महिने चालले तर चार महिने, सव्वीस महिने चालले तर दहा महिने फुकट राबायचे. त्यात आपली पोरे! डॉक्टरबाईंनी बजावलेले असते, ऊस दाताने सोलायचा नाही, चिक्की खायची नाही. आम्ही बसलो होतो तेवढ्यात एक पोरगा आला, पुढचे ब्रॅकेट निसटलेले. बाईंनी विचारले, "काय खाल्लंस?" पोरगा गप्प. आई म्हणाली, "फडात गेलता बापाबरोबर." बाईंनी हसून पुन्हा चिकटवले, पण वीस मिनिटे गेली आणि त्याचे पैसे मिळाले नाहीत. काम महिनाभर मागे पडले ते निराळेच. कांडे आपल्या शेतातले असल्याने आम्हीही गप्प बसलो.

बाईंच्या टेबलावर दोन वह्या आहेत. एकीत येणे बाकी. दुसरीत ज्यांचे पैसे पुरे आले पण काम बाकी आहे, त्यांची नावे. "आधी ही दुसरी वही नव्हती," त्या म्हणाल्या. "मे महिन्याच्या सुट्टीत एकदम गर्दी व्हायची, पैसा दिसायचा. पहिल्याच वर्षी मी त्यातून गाडी बुक केली. पुढच्या वर्षी खुर्ची भरलेली आणि गल्ला रिकामा." कारखान्याने गाळप क्षमतेपेक्षा जास्त उसाची नोंद घेतली की फडात ऊस उभा राहतो, वजन घटते, सभासद शिव्या देतात. तसेच हे. आता त्या प्रत्येक पहिल्या भरण्यातला काही भाग वेगळ्या खात्यात टाकतात आणि काम पुढे सरकेल तसा उचलतात.

हे दुखणे लहान दवाखान्याचेच आहे असे नाही. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी 2014 साली निघाली. ती तारेऐवजी पारदर्शक साचे थेट गिऱ्हाइकाला घरपोच द्यायची. 2019 मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि डिसेंबर 2023 मध्ये कंपनी बंद पडली. लोकांचे दात अर्धवट राहिले आणि हप्ते मात्र चालू ठेवा असे सांगण्यात आले. तिथला माणूस निदान लांबून भांडतो. तालुक्याच्या गावात मुलीचे लग्न जमवताना तार अर्धी राहिली, तर बाप दवाखान्यात येऊन बसतो आणि डॉक्टरच्या घरचेही नाव निघते.

मग सुरुवात कशी करावी? बाई म्हणाल्या, पहिली दोन-तीन वर्षे दुसऱ्यांच्या दवाखान्यांत ठरलेल्या वारी जावे. साध्या दंतवैद्याकडे खुर्ची असते, पेशंट असतात, तारेचे ज्ञान नसते. फी दोघांत वाटून घ्यायची. मात्र मधेच सोडून गेल्यास उरलेले काम कोण करणार, हे कागदावर पाहिजे. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याच्या भानगडीत पडू नये, दंतवैद्यांच्या आचारसंहितेला ते मंजूर नाही. क्ष-किरणाचे मोठे यंत्र तर लगेच घेऊच नये, फोटो बाहेरून काढून आणता येतो. घेतलेच तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. दवाखान्याच्या कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कागद आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी हे तर आहेच. उपचारावर जीएसटी नाही, म्हणून यंत्रांवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तोही किमतीत धरावा.

एक आमच्या पदरचे. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे आपल्या घरांत वही लिहायची सवय नाही. ऊसबिल बँकेत आले की सोसायटी वजा जाऊन जे उरते ते आपले, एवढाच हिशेब. दवाखान्याला तो चालत नाही. तिथे जमा झालेले सगळे आपले नसते.

सभासद परत आले तेव्हा आम्ही हे सगळे त्यांना सांगितले. 2,34,000 चा आकडा त्यांनी दोनदा विचारला. "म्हंजी एकर काढून गाळा घेतला, तर वर्षभर खायला दुसरा एकर काढायचा?" आम्ही म्हटले, हिशेब तसाच निघतो. त्यांनी सातबाऱ्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

मुलगा सध्या आठवड्यातून चार दिवस तीन गावांच्या दवाखान्यांत जातो. अवजारांची पेटी मोटारसायकलला मागे बांधलेली असते. रस्त्याकडच्या एकरात यंदा आडसाली आहे, आणि नोंद वेळेवर झाली आहे.