मोहोळची ज्वारी आणि जन्माचे ऋण

कोणत्या घरात, कोणत्या गावात आणि कोणत्या काळात जन्म घ्यायचा हे कोणाच्याही हाती नसते. तरीही अन्न, शिक्षण, आरोग्य आणि प्रतिष्ठा यांपैकी माणसाच्या वाट्याला काय येणार, हे बऱ्याच अंशी त्या योगायोगावर ठरते. अमेरिकी तत्त्वचिंतक जॉन रॉल्स यांनी 1971 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. जन्माने मिळालेली संपत्ती किंवा बुद्धी ही कोणाची कमाई नसल्यामुळे, समाजाचे नियम ठरवताना आपण कोणाच्या पोटी जन्मणार हे ठाऊक नाही असे मानून विचार करावा, असे त्यांनी मांडले. या कल्पनेला 'अज्ञानाचा पडदा' म्हणतात. भारतीय परंपरेतील ऋणत्रय, म्हणजे देव, ऋषी आणि पितर यांचे जन्मतःच असलेले ऋण, हेही मिळालेल्याचे सारे श्रेय माणसाला स्वतःकडे घेऊ देत नाही. मात्र जन्माचे भाग्य सरसकट दैवाच्या खात्यावर टाकले, की ते घडवणारी माणसे नजरेआड होतात.

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुका पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने पावसाळी ढग पश्चिमेलाच अडवल्यामुळे कमी पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात येतो. येथील काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल टिकते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेल्या मालदांडी या स्थानिक बियाण्यातून मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात 'एम 35-1' हे वाण निवड पद्धतीने, म्हणजे उत्तम कणसे वेचून त्यांचेच बी पुढे वाढवत, तयार झाले. धान्यासाठी टपोरा, पांढरा दाणा आणि जनावरांसाठी कडबा, असे दोन्ही देणारे हे वाण दख्खनच्या कोरडवाहू शेतीचा आधार ठरले. आज ज्या मुलाच्या ताटात ही भाकरी येते, त्याच्या जन्मापूर्वीच कित्येक अनाम हातांनी तिची तजवीज करून ठेवलेली असते.

जन्मसालाचाही मोठा वाटा असतो. 1876-78 च्या महादुष्काळात मुंबई इलाख्यात आणि दक्षिण भारतात लाखो माणसे दगावली. 1970 ते 1973 या काळात महाराष्ट्रात पिके पुन्हा करपली, पण त्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत. कारण खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर मजुरी मिळत होती आणि 1973 च्या उन्हाळ्यात अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे 1977 साली कायद्याचे रूप मिळाले; तिच्या खर्चासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर त्याआधीच बसवण्यात आला होता. शहरातल्या पगारातून गावातल्या चुलीला आधार मिळण्याची ही सोय दैवाने नव्हे, समाजाने केली.

या भाग्याची दुसरी बाजूही स्पष्ट पाहावी लागते. 1980 च्या सुमारास पूर्ण झालेल्या उजनी धरणाने सोलापूर जिल्ह्यातील कालव्याकाठच्या शिवारांत ऊस उभा केला. त्यासाठी भीमाकाठची अनेक गावे मात्र पाण्याखाली गेली. जन्माने मिळालेली जातही असेच दुर्भाग्य वाट्याला आणते. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून मरण पावले. त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे, परंतु त्यांच्यासारख्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत जन्मलेल्यांना त्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. जन्माचे दुर्भाग्यही माणसांनीच रचलेले असते, हे यातून दिसते.

म्हणूनच 'चांगल्या घरात जन्मलो' एवढ्या समाधानावर कृतज्ञता थांबली, तर ती अपुरी राहते. बियाणे राखणारे शेतकरी, दुष्काळी कामांवर राबलेले मजूर, कर भरणारे नोकरदार आणि घरदार सोडून गेलेले धरणग्रस्त यांचे देणे मान्य करणे ही तिची पहिली पायरी होय. त्यांपैकी बहुतेकांची परतफेड आता शक्य नाही. म्हणून विस्थापितांचे पुनर्वसन, गावाची शाळा, पाण्याचे न्याय्य वाटप आणि जातिभेदाचा अंत यांसाठी झटून ते ऋण पुढच्या पिढीकडे फेडणे, हेच जन्माने भाग्य लाभलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.