सुप्रीम कोर्टात अपील: हक्क की परवानगी?

‘सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन!’ असं आपण सहज म्हणतो. पण तालुका, जिल्हा, उच्च न्यायालय आणि मग दिल्ली, अशी ही सरळ शिडी नाही. उच्च न्यायालयात हरलेल्या बहुतेक पक्षकारांना राज्यघटनेच्या कलम १३६ खाली आधी विशेष परवानगी मागावी लागते. ती द्यायची की नाही, हे सर्वोच्च न्यायालय ठरवतं. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलेल्याला उच्च न्यायालयाने फाशी सुनावली, तर मात्र कलम १३४ नुसार अपील हा हक्कच असतो.

परवानगी नाकारली, तर उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहतो. पण कारणं न देता नाकारली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालावर शिक्कामोर्तब केलं असं होत नाही. बातम्यांत नेमकी इथेच गल्लत होते.